रंदा मारण्याआधी : यवतमाळचं जुनं सागवान आणि त्यातला इतिहास

वाड्याचं जुनं दार आडवं टाकलं, वर काच बसवली, की झाला टी-पॉय. खिडकीच्या चौकटीत आरसा लावला की दिवाणखान्याची भिंत सजली. खांबाचा दीड फुटाचा तुकडा कापून त्यातून वायर काढली की दिवा. बैलबंडीचं चाक रंगवून दारात टेकवलं की कुठलाही ढाबा 'पारंपरिक' होतो. जुन्या, भंगारातल्या लाकडापासून घर सजवण्याच्या या प्रकाराला आता 'अपसायकलिंग' असं नाव आलंय. व्हिडिओ आहेत, कार्यशाळा आहेत आणि किंमतीही तशाच आहेत.

यवतमाळमध्ये मात्र हे नवं नाही. पाडलेल्या घरांचं लाकूड विकणारी दुकानं जिल्ह्यात जुनी आहेत. तिथे मयाली, खांब, चौकटी, कवाडं, फळ्या यांची थप्पी लागलेली असते. वाढई येतो, टिचकी मारून बघतो, टोकाला पटाशीने जरासं खरवडतो आणि भाव करतो. या लाकडाची बंगई होते, देव्हारा होतो, पलंग होतो. शहरातला डिझायनर ते लाकूड घ्यायला अलीकडे आला, इतकंच.

या लेखात मला दोन प्रश्न घ्यायचे आहेत. सागाच्या जंगलाला लागून असलेल्या जिल्ह्यात माणसं जुनं सागवान का जपत आली? आणि त्या लाकडाकडे इतिहासाचं साधन म्हणून बघायचं तर काय दिसतं, काय दिसत नाही? पहिला प्रश्न इतिहासाचा, दुसरा पद्धतीचा. विज्ञान शाखेतून येऊन इतिहासाच्या वाटेला लागणाऱ्यांना दुसरा जास्त उपयोगी पडेल. पण पहिल्याशिवाय तो समजत नाही.

जंगल जवळ, लाकूड दूर

यवतमाळचं जंगल शुष्क पानझडी, आणि त्यातलं मुख्य झाड साग. पांढरकवड्याकडे टिपेश्वर, उमरखेडकडे पैनगंगेचं खोरं. मग इथल्या माणसाला जुनी चौकट उचकटून परत वापरायची गरज काय? जंगल जवळ असणं वेगळं आणि त्यातलं लाकूड आपल्या हाती येणं वेगळं, हे लक्षात घेतलं की प्रश्न सुटायला लागतो.

1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दोन मोठ्या घटना घडल्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात इथल्या कापसाला अफाट भाव आला आणि 1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. रेल्वेला स्लीपर हवेत, इंजिनाला सरपण हवं. हिंदुस्थानात वनखातं उभं राहिलं ते 1864 साली, आणि त्यामागे रेल्वेच्या लाकडाची काळजी होती हे इतिहासकारांनी भरपूर दाखवून दिलंय. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच मुलूख असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा वन कायदा इथे सरळ लागू होत नव्हता. म्हणून 1886 मध्ये वऱ्हाडासाठी वेगळा वन कायदा आला. सरकारी जंगलाचे वर्ग पडले : इमारती लाकूड आणि सरपणासाठी राखलेलं, गवतासाठी राखलेले रमणे आणि बाभूळबनं, आणि गुरचराईचं. कोणत्या जंगलातून काय न्यायचं, किती न्यायचं आणि त्याचे पैसे किती, हे आता खातं ठरवू लागलं.

इथे एक छोटी सूचना, कारण यात अनेकांचे दिवस वाया जातात. जुन्या अभिलेखांत 'यवतमाळ जिल्हा' शोधलात तर 1905 च्या आधीचं फारसं काही हाती लागणार नाही. तोपर्यंत जिल्ह्याचं नाव वणीवरून होतं, आणि इंग्रजी कागदांत ते 'वून' असं लिहीत. 1905 मध्ये वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली, पुसद तालुका वाशीमकडून इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं. त्यानंतरचं इंग्रजी स्पेलिंगही आजच्यासारखं नाही, ते 'येओतमाळ' असं काहीसं वाचावं लागतं. सूचीत तिन्ही नावं टाकून बघा. पुसदच्या गावावर काम करणार असाल तर वाशीमचे कागदही काढा.

परत लाकडाकडे. जंगलातला साग खात्याचा झाला, पण आधीच घरात लागलेला साग घरमालकाचाच राहिला. त्यावर शुल्क नाही, परवानगी नाही, कुणाला विचारायचं नाही. माझा अंदाज असा, की जुन्या लाकडाच्या बाजाराला इथूनच जोर आला. हा अंदाज आहे, पुरावा नाही. जुनं सागवान जपण्याची दुसरी कारणंही आहेत आणि तीही तितकीच सबळ आहेत. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, त्यामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. शंभर वर्षांनीही गाभा ठणठणीत असतो. शिवाय जुनं काम खाच आणि कुसवाच्या सांध्यांचं. खुंटी ठोकून काढली की सांधा सुटतो, लाकूड फुटत नाही. आणि काटकसर तर आपल्याकडे कायमचीच.

मग कायदा, टिकाऊपणा आणि काटकसर यांपैकी किती वाटा कशाचा? प्रयोगशाळेतून आलेल्या माणसाला लगेच कंट्रोल हवा असतो. टिकाऊ आहे पण निर्बंध नाही, असं लाकूड शोधा आणि तेही तितकंच फिरतं का बघा. मी बाभळीचा विचार करून पाहिला. शेताच्या बांधावरची बाभूळ सहज मिळायची, चिवटही असते. पण ती वाकडी वाढते, तिची लांब मयाल निघत नाही, म्हणून ती औतं आणि बंडीच्या कामात गेली. म्हणजे कंट्रोल म्हणून बाभूळ बाद. इतिहासात असंच होतं : दोन गोष्टींत एकच फरक असावा अशी सोय कुणी करून ठेवलेली नसते. त्यामुळे इथे दुसरा रस्ता धरावा लागतो, कायदा कडक झाला त्या-त्या वेळी बाजारात काय बदललं ते बघण्याचा.

असे टप्पे आहेत. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाने साग, तिवस, ऐन, हळदू, बिजा अशी झाडं अनुसूचीत घातली, म्हणजे स्वतःच्या शेतातला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही. 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशाने देशभरच्या आरागिरण्यांवर टाच आली. 2002 मध्ये नव्या आरागिरणीला केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या संमतीशिवाय परवाना द्यायचा नाही, असं ठरलं. विदर्भातल्या इमारती लाकडाच्या धंद्यात आजही वयस्क माणसं 'कोर्टाच्या आधी' आणि 'कोर्टाच्या नंतर' अशी काळाची विभागणी करतात. एका दुकानदार काकांनी मला सांगितलेली गोष्ट मोठी मजेशीर होती. जुन्या मयालीतली खिळ्यांची भोकं आणि रिकाम्या खाचा ते मुद्दाम बुजवत नाहीत. गाडी अडवली तर लाकूड जुन्या घराचं आहे याची तीच खूण. जी भोकं शहरातल्या गिऱ्हाईकाला 'रस्टिक' वाटतात, ती इथे ओळखपत्राचं काम करतात.

अजून एक कारण मला महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचा कायद्याशी संबंध नाही. वऱ्हाडातलं जुनं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. वीतभर मातीचं वजन काढून पाहा : चौरस मीटरला सव्वातीनशे ते साडेतीनशे किलो. पावसात माती भिजली की आणखी जास्त. हे पेलायला जाडजूड मयाली लागतात आणि त्या जवळजवळ घालाव्या लागतात. पन्हाळीच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास. छत बदललं की निम्म्याहून जास्त लाकूड एकदम मोकळं होतं. मूर्तिजापूर–यवतमाळ ही छोटी रेल्वे, म्हणजे आपली शकुंतला, 1903 मध्ये सुरू झाली ती कापूस बाहेर नेण्यासाठी. पण रिकामी गाडी परत येताना काही ना काही आणतेच, आणि पत्रा, लोखंडी सळ्या, कारखान्यात बनलेले खिळे हा माल वाहायला रेल्वेइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. कुणाला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर हा घ्या : शकुंतलेने यवतमाळमध्ये काय आणलं? तिने काय नेलं, यावर सगळेच लिहितात.

लाकूड वाचायचं कसं

आता दुसरा प्रश्न. समजा तुमच्यासमोर एक मयाल आहे. आधी पृष्ठभाग बघा. उथळ, शिंपल्यासारखे खोलगट फटकारे असतील तर वाकसाने तासलेलं. तिरक्या, कमी-जास्त अंतरावरच्या सरळ रेघा असतील तर दोन माणसांनी ओढलेली करवत. कमानीसारख्या वाकलेल्या रेघा म्हणजे यंत्रावरची गोल करवत. एकसारख्या अंतरावरच्या सरळ रेघा म्हणजे पट्ट्याची करवत. मग खिळे : चौकोनी, टोकाकडे निमुळते होत गेलेले असतील तर लोहाराने घडवलेले, गोल तारेचे असतील तर कारखान्यातले. तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर पसरले. पण सावध राहा. लोहाराचा खिळा नंतरही वापरता येतो आणि तारेचा खिळा जुन्या लाकडात कालही ठोकता येतो. खिळा लाकडाचं वय सांगत नाही, लाकडाच्या आयुष्यातली एक घटना सांगतो.

वय सांगतात ती वर्तुळं. सगळ्याच उष्णदेशीय झाडांत वार्षिक वर्तुळं स्पष्ट नसतात. सागात असतात, कारण उन्हाळ्यात पानं झडून तो थांबतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला मोठ्या छिद्रांची नवी रांग काढून वाढू लागतो. पाऊस चांगला तर वर्तुळ रुंद, दुष्काळ तर अरुंद. रुंद-अरुंदचा हा क्रम बारकोडसारखा असतो. जिवंत झाडाचा बारकोड जुन्या तुळईच्या बारकोडशी जिथे जुळतो, तिथून तुळईतल्या प्रत्येक वर्तुळाला साल देता येतं.

ही पद्धत बसवली ए. ई. डग्लस या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने. त्याला खरं तर सूर्यडागांचं चक्र झाडात शोधायचं होतं. अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या प्राचीन वस्त्यांमधल्या तुळया त्याने तपासल्या. त्यांचा आपसातला क्रम लागला, पण तो आजच्या झाडांशी जोडणारा दुवा सापडेना. तुळया एकमेकींपेक्षा किती जुन्या हे सांगता येई, साल मात्र सांगता येईना. 22 जून 1929 ला ॲरिझोनातल्या शो-लो गावी जळकी, कोळसा झालेली एक तुळई मिळाली. तिला क्रमांक दिला एचएच-39. त्या एका तुकड्याने दोन्ही क्रम जुळले आणि कित्येक वस्त्यांची सालं एका रात्रीत ठरली. कुणी ती चुलीत घातली असती तर?

सागावरचं कामही जुनं आहे. जावातल्या सागाचा 1514 पर्यंत मागे जाणारा क्रम बर्लाखे या संशोधकाने 1931 मध्येच प्रसिद्ध केला. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत सागाच्या वर्तुळांवर सातत्याने काम झालंय. केरळच्या सागाचा त्यांचा क्रम 1481 ते 2003 असा आहे, आणि मध्य भारतातला साग पावसाशी कसा वागतो यावरही त्यांनी लिहिलंय. त्यांचा हेतू पावसाचा इतिहास काढण्याचा. पण इतिहासवाल्यांनी तीच पद्धत वाड्यांकडे वळवायला हरकत नाही. 1899 साली पाऊस बुडाला आणि वऱ्हाडात भयंकर दुष्काळ पडला. तेव्हा उभ्या असलेल्या यवतमाळच्या सागात त्या सालचं वर्तुळ अरुंद असायला हवं. जोडीला 1896 चंही. अशा दोन-तीन ठसठशीत खुणा मिळाल्या की क्रम लावायला आधार होतो.

कार्बन-14 का नाही, असं दरवेळी कुणीतरी विचारतंच. कारण साधारण 1650 ते 1950 या काळात वातावरणातल्या कार्बन-14 चं प्रमाण असं वरखाली झालंय, की एकाच मोजमापाला दोन-तीन वेगवेगळी सालं बसतात. आपले वाडे नेमके त्याच काळातले. पैसे जातील आणि उत्तर 'सतरावं ते विसावं शतक' असं येईल. ते तर दुकानदारही फुकट सांगतो.

आता पुनर्वापराने होणारा घोळ. पुरातत्त्वात याला 'जुन्या लाकडाची समस्या' म्हणतात, आणि मायकेल शिफर यांनी 1986 मध्ये तिच्यावर नेमकं बोट ठेवलं. लाकडाचं वय म्हणजे इमारतीचं वय नव्हे. 1850 मध्ये तोडलेली मयाल एका वाड्यात लागली, तो पडल्यावर दुसऱ्या घरात गेली आणि तिथून आज तुमच्या बुकशेल्फात आली, तर वर्तुळं 1850 च सांगणार. त्यात भर म्हणजे चांगला वाढई सालीलगतचा पांढरट, कच्चा भाग काढून टाकतो, कारण कीड तिथेच लागते. म्हणजे झाड तोडल्याचं साल सांगणारी शेवटची वर्तुळंच गायब. अशा तुकड्यावरून तुम्ही फार तर 'अमुक सालानंतर तोडलं' एवढंच म्हणू शकता. त्याच्या पुढे एक शब्दही नाही.

पण हाच घोळ उलटा धरला तर फायद्याचा आहे. ज्या खाचेत आता काहीच बसत नाही, ती रिकामी खाच सांगते की हे लाकूड आधी दुसरीकडे होतं. एका मयालीवर मी तीन वेगवेगळ्या मापांच्या खाचा पाहिल्या आहेत : तीन घरं, निदान तीन जोडण्या. रंगाचे थरही तसेच. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली काव, काव उडाली तिथे धुराचा काळा थर, म्हणजे हे लाकूड कधीतरी चुलीवर होतं. कागदपत्रांत न आलेल्या घरांचा हा इतिहास आहे. देशमुखाच्या वाड्याचे कागद असतात, कुणब्याच्या ओसरीचे नसतात.

आणि नेमका हाच इतिहास रंद्याखाली जातो. "रंदा मारला का नवंच दिसते, भाऊ," असं त्या काकांनीच मला अभिमानाने सांगितलं, आणि धंदा म्हणून ते बरोबरच आहे. गिऱ्हाईकाला सागाचा सोनेरी गाभा हवा असतो. दोन मिलीमीटरच्या भुग्यात वाकसाचे फटकारे, करवतीच्या रेघा, रंग, धूर सगळं जातं. गावाचं नाव तर त्याआधीच गेलेलं असतं. दहा वाड्यांचं लाकूड एका थप्पीत पडलं की कुठली चौकट दिग्रसची आणि कुठली घाटंजीची, हे देवालाही सांगता यायचं नाही.

वर्धा नदी ओलांडलेले बैल

छोट्या तुकड्यांचंही सांगायला हवं, कारण यवतमाळमध्ये लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांचा सर्वांत सुंदर उपयोग सजावटीच्या फॅशनमधून आलेला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं चाकं लावलेले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा मागतात. हे बैल कित्येकदा वाढयाकडे उरलेल्या लाकडातून होतात. वर्षभर ते आलमारीवर उभे असतात, म्हणजे घराची सजावटच.

तान्हा पोळा नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी 1806 मध्ये सुरू केला, असं सांगितलं जातं. ही परंपरा आहे, तिला परंपराच म्हणू. पण क्षणभर साल खरं धरून नकाशा बघा. डिसेंबर 1803 च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गमावला आणि तो निजामाकडे गेला. यवतमाळ नदीच्या पश्चिमेला आहे. म्हणजे प्रथा सुरू झाली तेव्हा यवतमाळ भोसल्यांचं राहिलेलंच नव्हतं. मग ती इकडे आली ती राजाज्ञेने नाही. सोयरीक, बाजार, फिरते कारागीर यांच्याबरोबर आली असावी. किंवा लाकडी बैल आधीपासूनच दोन्ही काठांवर होते आणि राजाने त्याचा फक्त सोहळा केला. घराघरांत जपलेले जुने बैल, त्यांचं लाकूड, चाकांची जोडणी यांची कुणी नीट नोंद केली तर यातलं काहीतरी एक ठरवता येईल. वाड्यांपेक्षा हे काम सोपं आहे आणि कुणाची परवानगीही लागत नाही. फक्त आजीचा विश्वास लागतो.

काम सुरू करायचं तर

आधी तब्येतीचं. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर स्वस्त मिळाले म्हणून घरात बाक करू नका. त्यांतल्या अनेकांना क्रिओसोट पाजलेलं असतं, आणि त्यात कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात. जुन्या दारांच्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएम ही मर्यादा आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, तुमचं दार त्याच्या कितीतरी आधीचं आहे. कोरडा पॉलिश पेपर मारू नका, लहान मुलं आसपास असतील तर नक्कीच नको.

मग नोंदीचं. तुमच्या तालुक्यात वाडा पडतोय असं कळलं तर पाडायच्या आधी जा. मोजपट्टी शेजारी धरून प्रत्येक चौकटीचा, सांध्याचा, रिकाम्या खाचेचा फोटो घ्या. लाकूड कुठल्या खोलीतलं, कुठल्या बाजूचं, ते लिहा. दुकानात गेलात तर आरा फिरताना पडणारा दोन इंचाचा तुकडा मागून घ्या. दुकानदाराला तो नको असतो. पण सालीकडची बाजू शाबूत असलेलं टोकच मागा, मधलं नको. तुकड्याच्या पाठीवर गाव, घर आणि तारीख लिहा, आणि पेनने नाही, पेन्सिलीने. शाई ओलीने पसरते, शिसपेन्सिल राहते.